जर्मन दंतकथांतून डन्जन कसं रचावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारखा रोलप्लेइंग गेम (खेळाडू एकेक पात्र होऊन टेबलाभोवती गोष्ट खेळतात तो) चालवणाऱ्यांसाठी आहे, मग तुमच्या ग्रुपमध्ये त्यांना डीएम (डन्जन मास्टर) म्हणत असोत की जीएम (गेम मास्टर). डन्जन म्हणजे अशा गेममधली धोके आणि लूट भरलेली, बहुधा जमिनीखालची जागा. खेळणाऱ्यांनी वाचलं तर पुढच्या काही सेशनची मजा जाईल, तेव्हा त्यांनी इथूनच मागे फिरलेलं बरं.

जर्मनच का? कोबोल्ड, बुटके, चेटकिणी हे सगळं गेममध्ये आधीच आहे की.

आहे, पण सपक झालंय. १९७४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला, तेव्हापासून हे प्राणी नियमपुस्तकांत जाऊन बसलेत आणि दर आवृत्तीत थोडे थोडे गुळगुळीत होत गेलेत. आज कोबोल्ड म्हणजे पहिल्या लेव्हलच्या पार्टीने (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीने) हात साफ करून घ्यायचं गिऱ्हाईक. ज्या खाणकामगारांनी कोबोल्डच्या, म्हणजे खाणीतल्या बुटक्या भुताच्या, गोष्टी सांगितल्या, ते खाणीत त्याची टिंगल करायलाही धजत नसत. ती भीती परत आणायची तर मूळ गोष्टींकडे जावं लागतं. आणि मूळ गोष्टी उत्तम नोंदवलेल्या आहेत, ही आपल्या सोयीची बाब.

परीकथा घ्यायच्या की दंतकथा?

दंतकथा. ग्रिम बंधूंचं नाव निघालं की सगळ्यांना १८१२ सालचा परीकथांचा संग्रह आठवतो. पण याकोब आणि विल्हेल्म यांनी १८१६ आणि १८१८ मध्ये दोन भागांत जर्मन दंतकथांचा वेगळा संग्रह काढला, ५८५ कथांचा. डीएमने उशाशी ठेवावा तो हा. परीकथेत आटपाट नगर असतं. दंतकथेत डोंगराला नाव असतं, गावाला नाव असतं, कधी कधी सालही असतं. गोष्ट बहुतेक वेळा अर्ध्या पानात आटोपते आणि शेवट गोड असेलच असं नाही.

आणि जवळजवळ प्रत्येक कथेत एक जागा, त्या जागेची एक अट आणि अट मोडल्याची किंमत, एवढं असतंच. डन्जनला तेवढंच पुरतं. म्हणून माझा पहिला आणि खरं तर एकच सल्ला: जर्मन कथेतून राक्षस उचलू नका, अट उचला. राक्षसाला हिट पॉइंट्स (किती मार सोसेल त्याचा आकडा) दिले की तो इतर दहा राक्षसांसारखाच होतो. अटीला हिट पॉइंट्स नसतात, त्यामुळे ती शेवटपर्यंत टिकते.

अट उचलायची म्हणजे नेमकं काय करायचं? एखादं उदाहरण सविस्तर द्या.

वेझर नदीच्या मुलखात क्योटरबर्ग नावाची टेकडी आहे, उंची पाचशे मीटरही नाही. तिथे एक मेंढपाळ मेंढ्या चारत असतो. मागे वळून पाहतो तर राजकन्या उभी. ती म्हणते, श्प्रिंगवुर्त्सेल घे आणि माझ्यामागे ये. श्प्रिंगवुर्त्सेल म्हणजे कुठलंही कुलूप, कुठलंही दार उघडणारं मूळ. माणसाला ते शोधून सापडत नाही. सुतार पक्ष्याच्या घरट्याचं तोंड लाकडी पाचरीने बंद करायचं. पक्षी जाऊन ते मूळ चोचीत घेऊन येतो, पाचरीला लावतो, पाचर फटकन उडते. तेवढ्यात तुम्ही मोठा आवाज केलात तर तो घाबरून मूळ टाकतो. नाहीतर घरट्याखाली लाल कापड अंथरून ठेवायचं, काम झालं की तो त्यावर मूळ टाकून देतो.

मेंढपाळाकडे असं मूळ असतं. दारामागून दार उघडत दोघं डोंगराच्या मध्यावर पोचतात. तिथे दोन तरुणी सूत कातत बसल्यात. त्यांच्या टेबलाखाली सैतान बांधून ठेवलाय, पण त्याच्यात ताकद उरलेली नाही. भोवती टोपल्या भरभरून सोनं आणि रत्नं. राजकन्या म्हणते, हवं तेवढं घे. तो खिसे भरतो. निघताना ती एवढंच सांगते: सगळ्यात मोलाचं विसरू नकोस. त्याला वाटतं, सोन्याबद्दलच बोलतेय. मूळ टेबलावर राहतं, तो बाहेर पडतो आणि मागे दार आपटतं, थेट टाचेला घासून. सोनं घरी पोचतं, पण ते प्रवेशद्वार त्याला पुन्हा सापडत नाही.

आता हे टेबलावर कसं खेळवायचं ते बघा. मूळ मिळवणं हा पहिला भाग, रानातला: घरटं शोधा, पाचर ठोका, दबा धरून बसा. याला एक तास आरामात जातो आणि पक्ष्याला मारायला निघालेला फायटर (लढवय्या पात्र) इथेच धडा शिकतो. दुसरा भाग दारांचा. प्रत्येक दाराला मूळ हातात धरावं लागतं, म्हणजे एक हात अडकलेला. तिसरा भाग टोपल्यांचा. इथे डीएमने राजकन्येचं वाक्य एकदाच म्हणायचं, जोर न देता, आणि लगेच विचारायचं: कोण काय उचलतंय ते आपापल्या शीटवर लिहा. पेन्सिली भराभर चालायला लागतात. मूळ टेबलावर ठेवलंय हे तुम्ही आधी सहज बोलून गेलेले असता. कुणी ते लिहिलं नाही तर दार आपटतं आणि टाचेला किती लागलं त्यासाठी डाइस टाकायचा. कुणी लिहिलं तर हा डोंगर त्या पार्टीचा झाला, पुढच्या प्रत्येक कॅम्पेनसकट (कॅम्पेन म्हणजे अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट).

बांधलेला सैतान मात्र वाया घालवू नका. मूळ कथेत तो नुसताच बसून आहे. मी त्याला बोलका करतो आणि तरुणी कातताहेत त्या सुतानेच तो बांधला गेलाय असं ठरवतो. चरखे थांबले की गाठ सैल. मग पार्टीतला एखादा दयाळू क्लेरिक (पुरोहित पात्र) त्या बिचाऱ्या मुलींना सोडवायला जातोच.

नकाशा काढताना हात आपोआप चौकोनी खोल्यांकडे वळतो. काय करावं?

खऱ्या खाणीची रचना समजून घ्या. हार्ट्स पर्वतात गोस्लार शहराला लागून रामेल्सबर्ग आहे. तिथे हजार वर्षांहून जास्त काळ खाणकाम चाललं, १९८८ साली खाण बंद झाली आणि १९९२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. धातूची शीर जिकडे गेली तिकडे माणूस गेला, त्यामुळे एका ठिकाणी छाती घासत सरपटावं लागतं आणि पुढच्या वळणावर देवळाच्या सभामंडपाएवढी पोकळी लागते. पाणी बाहेर काढायला बाराव्या शतकात खोदलेला एक बोगदा अजून आहे. त्याच्या भिंतींवर मोरचूद, हिराकस यांच्या जातीच्या क्षारांचे निळे-हिरवे थर चढलेत. दिवा वर धरला की भिंत रंगीत दिसते, असं वर्णन आयतं मिळतं आणि ते खोटंही नसतं.

सुरुंगाची दारू वापरात येण्याआधी खडक आगीने फोडत. कातळाला लागून लाकडाचा ढीग रचायचा, पेटवायचा, खडक तापून तडकला की पहारीने पाडायचा. गेममध्ये याचा अर्थ असा की पार्टी आत असताना खालच्या पातळीवर कुणीतरी ढीग पेटवतं. लढायला समोर कुणी नाही. धूर कुठून चढेल आणि हवा कुठून येतेय, हे ओळखायचं. मी असल्या वेळी प्रत्येक फाट्यावर ‘मेणबत्तीची ज्योत कुठे झुकते’ एवढंच सांगतो. खेळाडू दोन फाट्यांत शहाणे होतात.

पाण्याचंही तसंच. रामेल्सबर्गमध्ये १८०० च्या सुमारास जमिनीखाली मोठाली पाणचक्रं बसवली होती. ती फिरली की धातुक वर यायचं आणि खालचं पाणी उपसलं जायचं. पार्टीने आवाज नको म्हणून चक्र थांबवलं तर खालची पातळी भरायला लागणार. इथे वाईट विझार्डची (जादूगाराची) गरजच पडत नाही.

आणि हार्ट्समधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे फारकुन्स्ट. क्लाउस्थालच्या परिसरात १८३३ साली ही युक्ती निघाली. उभ्या विहिरीत दोन लांबच लांब दांडे, दोन्हींना ठरावीक अंतरावर पायऱ्या आणि मुठी. पाणचक्राच्या जोरावर एक दांडा थोडा वर जातो तेव्हा दुसरा तेवढाच खाली येतो, मग उलट. दोन्ही क्षणभर थांबतात तेव्हा कामगार एका दांड्यावरून दुसऱ्यावर पाय टाकतो. असं करत करत माणूस शेकडो मीटर वर येतो. सांक्ट आंद्रेआसबर्गच्या साम्सन खाणीतली फारकुन्स्ट १८३७ सालची आहे आणि अजून चालते. खाण आठशे मीटरहून खोल आहे.

नियम अगदी सोपा ठेवा. दर राउंडला प्रत्येकाने सांगायचं: पाय टाकतो की थांबतो. पाय टाकला तर एक टप्पा पुढे. थांबला तर दांडा त्याला होता तिथे परत नेतो. चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी दांड्यांवर असतील तर अर्ध्या वाटेत समोरासमोर येतात, आणि शत्रू उतरतोय, पार्टी चढतेय, असं एकदा करून बघाच. काळ मध्ययुगीन नाही म्हणून कुणी कुरकुर करेल. करू द्या.

खाणीत भेटणारं पात्र कोण?

बेर्गम्योन्श, म्हणजे डोंगरातला संन्यासी. हार्ट्समधली कथा अशी: दोन कामगार कायम जोडीने काम करतात. एके दिवशी खाणीत पोचल्यावर लक्षात येतं की दिव्यांत तेल पाळीपुरतं नाही. काय करावं म्हणत असतानाच लांबून एक उजेड येतो. जवळ येतो तसा धिप्पाड देहाचा, संन्याशाच्या कपड्यातला माणूस दिसतो, हातात भलामोठा दिवा. तो म्हणतो, भिऊ नका, आणि आपल्या दिव्यातलं तेल त्यांच्या दिव्यांत ओततो. मग त्यांची हत्यारं घेऊन तासाभरात आठवड्याचं काम उरकतो. जाताना अट घालतो: मला पाहिल्याचं कुणाला सांगू नका. ते तेल संपतच नाही. वर्षं जातात. मग एका शनिवारी दारूच्या गुत्त्यात दोघं सगळं बोलून मोकळे होतात. सोमवारी खाली उतरतात तर दिवे कोरडे.

गेममध्ये हे कार्डावर लिहा आणि एकाच खेळाडूच्या हातात द्या: दिवा विझत नाही, कुठून आला ते सांगू नकोस. बाकीचे विचारणारच. पॅलाडिन (धर्मवीर योद्धा) असेल तर आणखी मजा, कारण त्याला खोटं बोलायचं नसतं.

आणि कोबोल्ड?

गेओर्ग आग्रिकोला हा सोळाव्या शतकातला खाणविद्येचा मोठा अभ्यासक. त्याने जमिनीखालच्या प्राण्यांवर १५४९ साली लिहिलं, त्यात या मंडळींचा उल्लेख येतो. दोन-तीन वितींचे, खाणकामगारासारखेच कपडे घातलेले, सतत कामात दिसतात, खोदतात, भरतात, ओढतात, आणि प्रत्यक्षात काहीच करत नाहीत. खडे मारतात, पण टिंगल केली नाही तर इजा करत नाहीत. यांना लढाईत उतरवू नका. पार्टीच्या शेजारच्या बोगद्यात सतत खणल्याचा आवाज येऊ दे, तिथे गेलं की भिंत कोरी. कुणी हसलं तर मात्र छत ऐकतं.

दुसरीकडे खाणीतला भयंकर भूतही आग्रिकोलाने नोंदवलाय. आनाबर्गच्या एका खाणीत लांब मानेच्या, जळत्या डोळ्यांच्या घोड्याच्या रूपात आलेल्या आत्म्याने नुसत्या श्वासाने बारा कामगार मारले, आणि चांदी भरपूर असूनही ती खाण सोडून द्यावी लागली. खाणीत विषारी वायू असतात हे आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे ही कथा अंगावर येते. एर्त्सगेबिर्ग भागात असं धातुकही निघायचं जे चांदीसारखं चमकायचं, पण भट्टीत घातलं की आर्सेनिकचा धूर सोडायचं. दोष कोबोल्डवर जायचा. लूट म्हणून हे धातुक ठेवा आणि पार्टीला ते गावातल्या लोहाराकडे नेऊ द्या.

झोपलेल्या सम्राटाचं डन्जन करता येईल का? शेवटचा बॉस म्हणून.

करता येईल, पण बॉस म्हणून नको. जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा ११९० साली तिसऱ्या क्रुसेडवर, म्हणजे धर्मयुद्धावर, असताना आजच्या तुर्कस्तानातल्या नदीत बुडून मेला. दंतकथा म्हणते की तो थ्युरिंगियातल्या क्युफहॉयझर डोंगरात दगडी टेबलापाशी झोपलाय. दाढी टेबलाभोवती वाढतेय. तीन वेढे पूर्ण झाले की तो उठेल, सध्या दोन झालेत. आत पोचलेल्या मेंढपाळाला तो एकच प्रश्न विचारतो: डोंगराभोवती कावळे अजून फिरतात का? हो म्हटलं की म्हणतो, मग मला आणखी शंभर वर्षं झोपावं लागणार.

कॅम्पेनसाठी हे तयार घड्याळ आहे. पार्टी काय करते त्यावर दाढी वाढते. गावकऱ्यांना तो उठायला हवाय, सरदाराला नकोय, आणि कावळे मारण्यासाठी एका बाजूने, वाचवण्यासाठी दुसऱ्या बाजूने बक्षीस लावलंय. पार्टी टेबलापाशी पोचली की तो प्रश्न विचारतो आणि खोटं बोलायचं की खरं, यावर टेबलाभोवती अर्धा तास भांडण होतं. तेच या डन्जनचं क्लायमॅक्स.

जागेचा तपशील हवा असेल तर डोंगरावरच्या किल्ल्याची विहीर १७६ मीटर खोल आहे, एवढं दोरखंड पार्टीकडे आहे का ते विचारा. पायथ्याजवळच्या रॉटलेबनला बार्बारोसा गुहा आहे, १८६५ साली तांब्याचं धातुक शोधताना सापडलेली. तिथला अॅनहायड्राइट खडक ओल शोषून जिप्सम होतो, फुगतो, आणि छतापासून त्याचे पापुद्रे सुटून लोंबायला लागतात. चामडी वाळत घातल्यासारखे दिसतात. अशा दालनात कुणी फायरबॉल टाकला तर काय होईल ते तुम्हीच ठरवा.

साल्झबुर्ग आणि बेर्श्टेसगाडेनच्या मधल्या उंटर्सबर्गमध्येही सम्राट झोपलाय म्हणतात, तिथे बहुतेक शार्लमेन. त्या डोंगरात वेळ वेगळी चालते, आत गेलेली माणसं बाहेर येतात तेव्हा ओळखीचं कुणी उरलेलं नसतं. आणि हा डोंगर खरोखरच पोकळ आहे. त्यातली रीझेनडिंग गुहा हजार मीटरहून खोल आहे. २०१४ च्या जूनमध्ये तिथे डोक्यात दगड पडून जखमी झालेल्या एका गुहा संशोधकाला बाहेर काढायला पाच देशांतली सातशेहून जास्त माणसं लागली आणि अकरा-बारा दिवस गेले. जखमी एनपीसीला (डीएम चालवतो त्या पात्राला) उभ्या गुहेतून वर आणणं हे एक आख्खं साहस होऊ शकतं, वाटेत एकही मॉन्स्टर नसला तरी.

परीकथा मग बाजूलाच ठेवायच्या?

अगदी तसं नाही. बारा राजकन्यांचे जोडे रोज रात्री झिजतात ती कथा घ्या. पलंगाखालून जिना उतरतो, मग चांदीच्या पानांची झाडं, मग सोन्याची, मग हिऱ्यांची, मग तळं, बारा होड्या आणि पलीकडे उजळलेला वाडा. एकामागून एक पातळी कशी चढवत न्यावी याचा नमुनाच आहे. अदृश्य झगा घालून पाठीमागे आलेला सैनिक होडीत बसतो तेव्हा राजपुत्र म्हणतो, आज होडी जड का लागतेय? अदृश्य झालात तरी वजन जात नाही. हा नियम पार्टीतल्या विझार्डला आधी सांगू नका.

दुसरी फिचरच्या पक्ष्याची. मांत्रिक घराच्या किल्ल्या देतो आणि एक अंडं देतो, ते सतत जवळ ठेवायचं. बंद खोलीत रक्ताचं घंगाळ असतं, दचकून अंडं त्यात पडतं, डाग निघत नाही. दोन बहिणी अशाच मरतात. तिसरी खोली उघडण्याआधी अंडं जपून बाजूला ठेवते. बस, एवढंच. पार्टीला असं नाजूक काहीतरी सांभाळायला द्या आणि बघा कोण खाली ठेवतंय.

तलवारीने न मरणारे काही प्राणी सुचवा.

आउफहॉकर. रात्री रस्त्यावर पाठीवर उडी मारून बसतो आणि पावलागणिक जड होत जातो. घर येईपर्यंत, उजाडेपर्यंत किंवा चर्चची घंटा ऐकू येईपर्यंत उतरत नाही. हिल्डेसहाइम शहरात त्याचा १९०५ सालचा पुतळा आहे: सफरचंदं चोरलेला मुलगा आणि त्याच्या पाठीवर हुकुप, म्हणजे तिथला आउफहॉकर. तिथून मी नियम घेतला की जेवढी चोरीची लूट, तेवढं वजन. डन्जनमधून परतताना वापरा. पार्टी रस्त्यात एक एक वस्तू टाकत जाते आणि काय काय चोरीचं होतं ते आपोआप कबूल होतं.

नाखत्सेहरर. थडग्यात पडून आपलंच कफन चघळणारं प्रेत. ते चघळतं तोवर त्याचे नातेवाईक एक एक करून खंगतात. साथीच्या काळात याची इतकी भीती होती की १६७९ साली लाइपझिगमध्ये चघळणाऱ्या प्रेतांवर विद्यापीठीय प्रबंध लिहिला गेला. उपाय म्हणजे तोंडात नाणं किंवा दगड. डन्जन म्हणून चर्चखालचं तळघर द्या, पन्नास शवपेट्या, आणि कान लावून ऐकायचं.

पाण्यातला वासरमान माणसासारखाच दिसतो, पण दात हिरवे. एका शेतकऱ्याशी त्याची दोस्ती होते, तो त्याला पाण्याखालचं घर दाखवतो. एका खोलीत पालथी मडकी मांडलेली. यात काय? बुडालेल्यांचे आत्मे, निसटू नयेत म्हणून. शेतकरी नंतर तो घरी नसताना परत जातो आणि एकेक मडकं उलटं करतो. इथे चांगुलपणाने वागवणाऱ्या यजमानाचा विश्वासघात करायचा आहे, ही या कथेतली खरी गंमत. वासरमानला खलनायक करू नका, उत्तम जेवण घालणारा करा.

पार्टीच्या हाती नकाशा कसा द्यावा? गुत्त्यातला म्हातारा आता चावून चोथा झालाय.

वालेनबुख द्या. हार्ट्स आणि एर्त्सगेबिर्गमध्ये समजूत होती की व्हेनिसहून परके लोक गुपचूप येतात, डोंगरातलं सोनं-रत्नं ओळखतात आणि पिशवी भरून निघून जातात. त्यांच्या वाटांच्या म्हणून वह्या हातोहात फिरत: अमुक गावापासून निघ, झऱ्याला वळसा घाल, खडकावर संन्याशाची आकृती कोरलेली दिसेल तिथे खण. गुराखी गाईला जो दगड मारतो तो गाईपेक्षा महाग असतो, असं त्या मुलखात म्हणत. अशी वही हॅण्डआउट म्हणून स्वतःच्या हाताने लिहा, दोन पानं फाटलेली ठेवा.

शहरात काही?

हामेल्न. २६ जून १२८४, १३० मुलं एका बासरीवाल्यामागे गावाबाहेर जाऊन डोंगरात नाहीशी झाली, अशी नोंद आहे. गावातले उंदीर घालवूनही पैसे न मिळाल्याचा सूड, हा उंदरांचा भाग कथेत सोळाव्या शतकात शिरला. उंदीर काढून टाका, कथा जास्त भयानक होते, कारण मग सूड कशाचा हेच कळत नाही. मुलं ज्या गल्लीतून गेली म्हणतात तिथे वाद्य वाजवायला मनाई असते. पार्टीतल्या बार्डला (गवई पात्राला) त्या गल्लीतच मुक्काम द्या.

बिंगेनजवळ ऱ्हाईनच्या बेटावरचा उंदरांचा बुरूज सगळे सुचवतात. एका स्वार्म एन्काउंटरपुरता, म्हणजे उंदरांच्या झुंडीशी लढण्यापुरता, ठीक.

लोरेलाय?

नको. ऱ्हाईनकाठच्या खडकावरची ही बाई क्लेमेन्स ब्रेंटानो या कवीने १८०१ मध्ये घडवली, लोकांत नंतर गेली. तिच्या कथेत सुंदर खडक आहे, दुःखी बाई आहे, पण खेळाडूंना करायला काही नाही.

हेच डन्जन सह्याद्रीत आणलं तर?

आणा, पण खाणीचं नको. आपल्या बेसॉल्टात चांदीच्या शिरा नाहीत आणि वरच्या बऱ्याच गोष्टी त्या शिरांमुळेच घडतात. वेताळाच्या पालखीला, मुंजाच्या पिंपळाला स्वतःच्या अटी आहेत, त्या जर्मन झब्ब्यात कोंबायचं कारण नाही.

काही जपून वापरायचं आहे का?

हो. चेटकिणींच्या बाबतीत जर्मन प्रदेशाचा इतिहास फार काळा आहे. बाम्बेर्गमध्ये १६२७ साली संशयितांना डांबायला खास तुरुंग बांधला होता, आणि तिथे गेलेल्या खऱ्या बायका, पुरुष, मुलं होती. चेटकिणी जमतात म्हणतात तो वालपुर्गिस रात्रीचा ब्रोकेन डोंगर खुशाल वापरा, पण चौकशीची कोठडी करमणूक म्हणून मांडू नका. मांडायचीच तर पार्टीला आतल्यांच्या बाजूने उभं करा. ग्रिम संग्रहातल्या काही कथा उघड ज्यूद्वेष्ट्या आहेत, त्यातला लोभी म्हातारा नाव बदलूनही उचलू नका. क्युफहॉयझरवर १८९६ मध्ये पूर्ण झालेलं ८१ मीटर उंच स्मारक राष्ट्रवादाचं आहे, आणि झोपलेल्या सम्राटाची कथा त्या राजकारणासाठी भरपूर वापरली गेली. तो उठल्यावर सगळं छान होईल असं माझ्या टेबलावर कधीच नसतं.

कुठली सिस्टिम (नियमांचा संच) लागते?

कुठलीही. १९८४ पासून जर्मनीचा स्वतःचा दास श्वार्त्स आउगं हा गेम आहे आणि तो तिकडे फार लोकप्रिय आहे, पण वरच्या अटी कुठल्याही नियमात बसतात. फक्त लढाईवरच एक्सपीरियन्स (पात्राची लेव्हल वाढवणारे गुण) देणारी सिस्टिम असेल तर तो नियम त्या सेशनपुरता बदला, नाहीतर खेळाडू मेंढपाळालाही मारतील.

जर्मन येत नाही. आणि कॉपीराइटचं काय?

ग्रिम बंधूंपैकी विल्हेल्म १८५९ मध्ये आणि याकोब १८६३ मध्ये वारला, त्यामुळे मूळ मजकूर सगळ्यांना खुला आहे. अनुवादाचं तसं नाही, अनुवादकाचा हक्क भारतात त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. गोष्ट वापरा, अनुवादकाची वाक्यं तशीच छापू नका. पुण्यामुंबईत मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेलं कुणी ना कुणी प्रत्येक ग्रुपमध्ये निघतंच. त्याला दंतकथांचा संग्रह द्या. वाक्यं साधी आहेत, जुनी स्पेलिंगं सोडली तर अडत नाही.

पहिल्याच सेशनसाठी तयार काहीतरी द्या.

संग्रहातली पहिलीच कथा घ्या, बोहेमियातल्या कुटेनबर्गची. तीन कामगार रोज तीन वस्तू घेऊन खाणीत उतरतात: प्रार्थनेचं पुस्तक, एका दिवसाचं तेल, एका दिवसाची भाकर. एकदा डोंगर कोसळून तोंड बुजतं. पण तेल संपत नाही, भाकर संपत नाही. ते प्रार्थना करतात, खणत राहतात, आणि सात वर्षं त्यांना एका दिवसासारखी वाटतात. दाढ्या हातभर वाढतात. मग एक जण म्हणतो, एकदा उजेड पाहिला की मी खुशाल मरेन. दुसरा म्हणतो, बायकोबरोबर एकदा जेवलो की मरेन. तिसरा म्हणतो, तिच्याबरोबर एक वर्ष सुखाने राहिलो की मरेन. डोंगर फाटतो. पहिला निळं आकाश बघतो आणि कोसळतो. दुसऱ्याला बायको ओळखत नाही, दाढी काढल्यावर ओळखते, ताट वाढते, शेवटचा घास खाऊन तो मरतो. तिसरा बरोबर वर्षाने, आणि त्याच क्षणी त्याची बायकोही.

तुमची पार्टी डोंगर फाटण्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या बाजूने खणत तिथे पोचते. वाटेसाठी वरच्या खाणीतलं काहीही वापरा: धूर, पाणी, शेजारच्या बोगद्यातला आवाज. आत तिघं भेटतात, भाकर देऊ करतात, आणि गप्पांच्या ओघात आपापली इच्छा बोलून दाखवतात. पहिला उजेडात आला की लगेच मरतो, त्यामुळे पार्टीला अट तिथेच कळते. उरलेल्या दोघांना गावात न्यायचं की नाही, दुसऱ्याला जेवण संपवू द्यायचं की नाही, तिसऱ्याच्या बायकोला सांगायचं की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. तिच्या बाजूने बोलायला एक दीर किंवा शेजारीण तयार ठेवा, कारण खेळाडू सगळ्यात आधी तिथेच चौकशी करतात. आणि न संपणारी भाकर कुणीतरी पिशवीत टाकणारच. ती खाणीबाहेर एकच दिवस पुरते.